तोंडाच्या दारावरचे राखणदार

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्यापैकी एक लहान मुलांचा डॉक्टर आणि दुसरी दातांची. दोघांच्या कामाची हद्द एकाच ठिकाणी येऊन मिळते, ती म्हणजे बाळाचं तोंड. एकदंतासमोर उभं राहून दातांवर बोलणं जरा धाडसाचंच. म्हणून आज आम्ही दात येण्याच्याही आधीच्या दिवसांबद्दल बोलणार आहोत.

गणपतीच्या जन्माची गोष्ट इथल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. पार्वतीने अंगाच्या मळापासून एक मुलगा घडवला, त्याला दारावर उभं केलं आणि सांगितलं, कुणालाही आत सोडू नकोस. त्याने खुद्द शंकरालाच अडवलं. पुढे काय झालं ते आपण जाणतोच. या गोष्टीत आम्हाला आमच्या विषयाचं सार दिसतं. राखणदार नुसता शूर असून चालत नाही. परका कोण आणि घरचा कोण, हे त्याला ओळखता यायला हवं. आणि ही ओळख जन्मतःच मिळत नाही, ती शिकावी लागते.

आपलं तोंड म्हणजे शरीराचा मोठा दरवाजा. श्वास, अन्न, पाणी, जंतू, सगळे याच वाटेने येतात. या दारावर शरीराने पहारेकरी ठेवले आहेत. त्यांतल्या एका जातीच्या पेशी पॉल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला १८६८ साली बर्लिनमध्ये प्रथम दिसल्या. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. त्याने माणसाच्या कातडीचा तुकडा सोन्याच्या क्षाराने रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर झाडासारख्या फांद्या फुटलेल्या काळ्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात. पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली पेशींची बेटं शोधली. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी त्या बेटांचं नाव ऐकलंही असेल, कारण इन्सुलिन तिथेच तयार होतं. पण कातडीतल्या त्या फांद्यांच्या पेशी खरं तर पहारेकरी आहेत, हे कळायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. आपल्या फांद्या पसरून त्या आल्यागेल्याचा माग घेतात, सापडलेला तुकडा उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या सैन्याला दाखवतात, की हा शत्रू आहे किंवा हा आपलाच आहे. तोंडाच्या अस्तरात आणि हिरड्यांतही या लँगरहान्स पेशी असतात.

आता या पेशी येतात कुठून? गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याला अजून हाडंही नसतात. त्या वेळी रक्ताच्या पहिल्या पेशी गर्भाबाहेरच्या एका पिशवीत, पीतक कोशात, तयार होतात. जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींची पहिली पिढीही तिथलीच. नंतर हे काम गर्भाचं यकृत हाती घेतं आणि शेवटी ते हाडांतल्या मज्जेकडे येतं. तिथे ते जन्मभर चालतं. कातडीतले लँगरहान्स पहारेकरी या जुन्या पिढ्यांतून, बाळ पोटात असतानाच, जागेवर येऊन बसतात आणि पुढे तिथल्या तिथेच स्वतःची संख्या राखतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते वतनदार आहेत. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, राजुरा आणि किनवट पलीकडे गेले, आदिलाबाद इकडे राहिलं, पण आपली घरं जिथल्या तिथे राहिली. तसेच हे.

तोंडातल्या लँगरहान्स पेशींचं मात्र तसं नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या अवी-हाय होवाव यांच्या गटाने २०१५ साली उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं की तोंडातल्या या पेशी दिसायला कातडीतल्यांसारख्याच असल्या तरी त्यांचं घराणं वेगळं आहे. त्या हाडांच्या मज्जेतून निघतात, रक्तातून प्रवास करत तोंडाच्या अस्तराखाली पोहोचतात, तिथे मिळणाऱ्या संकेतांवर वरच्या थरात चढतात आणि तिथेच त्यांचं रूप पक्कं होतं. जुन्या संपतात, नव्या येतात. हे वतनदार नव्हेत, बदलीवर येणारे शिपाई आहेत. म्हणजे तोंडाचा पहारा एकदा बसवून मोकळं होता येत नाही. तो रोज भरती करावा लागतो आणि आलेल्या प्रत्येक शिपायाला तिथल्या वातावरणातच शिकावं लागतं.

हे सगळं उंदरांवर पाहिलेलं आहे. माणूस, उंदीर, गाय, सगळे सस्तन प्राणी असले तरी बारकाव्यांत फरक पडतो. आपल्या घशात टॉन्सिलच्या गाठी असतात, उंदराला त्या नसतातच. त्यामुळे प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी माणसाला लावता येत नाही. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे: जन्माच्या क्षणी तोंडाचा पहारा पुरा झालेला नसतो. अस्तर, लाळ आणि पेशी तिन्ही जन्मानंतर पक्व होत जातात. नवजात बाळाच्या लाळेत आयजीए नावाची संरक्षक प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. ती पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत वाढतात. आणि जंतू मात्र पहिल्या काही तासांतच मुक्कामाला येतात.

मग या मधल्या काळात राखण कोण करतं? आई करते. आईची काही प्रतिपिंडं वारेतून बाळाच्या रक्तात आधीच गेलेली असतात. पण तोंड आणि आतडं यांच्या अस्तरावर पहारा देणारं आयजीए वारेतून जात नाही. ते येतं चिकातून, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांच्या त्या घट्ट, पिवळसर दुधातून. आईच्या दुधातलं हे आयजीए खास प्रकारचं आहे, हे स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनी १९६१ च्या सुमारास दाखवलं. आईच्या आतड्याने ज्या जंतूंची ओळख करून घेतलेली असते, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात उतरतात. म्हणजे ज्या घरात बाळ राहणार, त्याच घरातल्या जंतूंची यादी आई त्याच्या हाती देते.

इथे आम्हाला आमच्याच घरची एक गोष्ट सांगायची आहे. सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

आमची थोरली मुलगी जन्मली तेव्हा आम्ही दोघेही नुकतेच डॉक्टर झालो होतो. बाळंतपण घरच्या आजींच्या, म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आईच्या, देखरेखीखाली होतं. चीक जड असतो, बाळाला पचत नाही, म्हणून त्यांनी तो पिळून टाकायला लावला. तीन दिवस बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवला आणि कापसाच्या बोळ्याने साखरपाणी दिलं. पुस्तकं आमच्याच कपाटात होती. पण वडीलधाऱ्यांपुढे बोलायचं कसं, म्हणून आम्ही गप्प राहिलो. पाचव्या दिवशी मुलीला जुलाब लागले आणि पुढची चार रात्र-दिवसं आमच्यापैकी कुणी डोळा मिटला नाही. ती वाचली. ते मधामुळेच झालं असं आम्ही छातीठोक सांगू शकत नाही. पण आपण बोलायला हवं होतं, हे मात्र त्या रात्रींपासून आमच्या मनातून गेलेलं नाही.

पुढच्या वर्षी पैनगंगेकाठच्या आमच्या गावी म्हैस व्याली. मध्यरात्र होती, पाऊस होता. आजी कंदील घेऊन गोठ्यात गेल्या. वासरू उभं राहायला धडपडत होतं. आजींनी त्याला दोन्ही हातांनी उचलून सडाला लावलं आणि म्हणाल्या, "पहिला चीक पोटात गेल्याशिवाय हे जगायचं नाही. उरला तर खरवस." आम्ही दोघे दारात उभे होतो. आमच्यापैकी एकीने हळूच विचारलं, "आई, आणि आपल्या बाळाचा चीक?" त्या काही बोलल्या नाहीत. पण आमच्या धाकट्याच्या वेळी दाईच्या हातून बाळ घेऊन पहिल्या अर्ध्या तासात आईच्या छातीशी लावलं ते आजींनीच. मधाची बाटली फडताळातच राहिली.

त्या गोठ्यातल्या ज्ञानामागचं शास्त्र पक्कं आहे. गाईम्हशींच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत जातच नाहीत. त्याला सगळं संरक्षण चिकातूनच मिळतं, आणि ते शोषून घेणारी आतड्याची दारं पहिल्या चोवीस तासांत मिटत जातात. शेतकऱ्याने हे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहिलं. इथे आपण ज्याचा खरवस करतो, त्याला शेजारचे तेलुगू बांधव जुन्नु म्हणतात आणि तितक्याच आवडीने खातात. आईच्या चिकाला दवाखान्यातल्या सिस्टरबाई मुर्रुपालु म्हणतात. नावं दोन, पण वस्तू एकच, आणि तिची किंमत दोन्ही भाषांत सारखीच.

आज आपल्या देशात बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण शंभरात ८८ च्या वर होतं. पण जन्मानंतर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली मुलं शंभरात साधारण ४२ च. म्हणजे बाळ दवाखान्यात जन्मतं, पण तो पहिला तास हातून निसटतो. आपल्या मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात, तेव्हा खाटेशी बसलेली आजी किंवा मावशी काय म्हणते यावर पुष्कळ काही ठरतं. मधाचंही सांगतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. मधात काही वेळा अशा जिवाणूचे बीजाणू असतात, जे बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात.

आपल्या सगळ्याच रीती चुकीच्या आहेत असं मात्र कुणी समजू नये. उष्टावण पाहा. सहाव्या महिन्याच्या सुमारास अन्नाचा पहिला घास देण्याची आपली रीत आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला एकमेकांशी जुळतात: सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर दुधाबरोबर वरचं अन्न. उष्टावण म्हणजे राखणदाराच्या शिक्षणाचा दुसरा वर्ग. आता त्याला अन्नाची ओळख पटवायची असते. २०१५ साली लंडनच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा धोका जास्त होता अशा ६४० तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षं दिले नाहीत. ज्यांनी खाल्ले त्यांच्यात ॲलर्जी पुष्कळच कमी झाली. लवकर भेटलेला पाहुणा राखणदाराला परका वाटत नाही. (बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नका, तो श्वासात अडकतो. आणि अंगावर इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा.)

तिसरा वर्ग चावण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निकी मौत्सोपुलोस यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं की चावताना हिरडीला जी बारीकशी घासाघीस होते, तीच तिथल्या एका जातीच्या संरक्षक पेशींना जागं करते. मऊ खाणं दिलेल्या उंदरांच्या हिरड्यांत त्या पेशी कमी निघाल्या. तेव्हा दात आलेल्या मुलाला बिस्किट दुधात बुडवून भरवण्यापेक्षा भाकरीचा तुकडा हातात द्यायला हरकत नाही.

शेवटी मोठ्यांविषयी दोन शब्द. हे पहारेकरी अस्तराखालच्या थरातून, रक्तातून, रोज नव्याने येतात असं आम्ही म्हटलं. खर्रा आणि गुटखा घाव घालतात ते नेमके त्याच थरावर. सुपारीने तो थर कडक होतो, त्यातल्या रक्तवाहिन्या कमी होतात, तोंड उघडेनासं होतं. १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या आजाराचं वर्णन केलं. सुपारी माणसात कर्करोग करते असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. आमच्या खुर्चीत बसलेल्या विशीतल्या पोराला "आ कर" म्हटलं आणि दोन बोटंसुद्धा आत गेली नाहीत, असं आता वरचेवर होतं. चंद्रपूर-यवतमाळहून येणाऱ्या खर्ऱ्याच्या पन्नीला पैनगंगा अडवत नाही. तिला घरातच अडवावं लागेल.

म्हणून आमची मागणी थोडी आहे. पहिल्या तासात बाळाला आईजवळ द्या, चीक वाया घालवू नका. सहा महिने दुसरं काही नको, मग थाटाने उष्टावण करा. बाळाचा चमचा स्वतःच्या तोंडात घालून गार करू नका, कारण दात किडवणारे जंतू मोठ्यांच्याच तोंडातून त्याच्याकडे जातात. आणि खर्रा खाणाऱ्या पोराला रागावण्याआधी जवळ बसवून तोंड उघडायला सांगा.

आमच्या आजी आता नाहीत. पण त्या रात्री गोठ्यात त्यांनी स्वतःची चूक कुणी बोलून दाखवण्याआधीच मान्य केली होती. आम्ही मात्र पुस्तकं वाचूनही गप्प राहिलो होतो. आज या मांडवात आम्ही बोललो, ते त्या ऋणातून.

गणपती बाप्पा मोरया!