मजेचा भाव काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कापसाचा चुकारा हातात पडला की गावात दोन माणसं हमखास येतात. एक वसुलीवाला आणि दुसरा सहलवाला. वसुलीवाल्याला आपण चुकवतो, सहलवाल्याला चहा पाजतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या गावचे आम्ही नऊ जण अशाच एका सहलवाल्याच्या गाडीत बसून गोव्याला गेलो. समुद्र पाहिला, मंगेशीचं दर्शन घेतलं आणि तिसऱ्या रात्री पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या जुगाराच्या जहाजावर चढलो. कॅसिनो म्हणतात त्याला. नवांपैकी दोघे जिंकून उतरले, सात जण हरून. त्या सातांत मी होतो.

जुगार पाप आहे हे सांगायला मी उभा राहिलेलो नाही. ते काम कीर्तनकारांचं आहे आणि ते माझ्यापेक्षा चांगलं करतात. शिवाय खोटं कशाला बोलू, पहिले दोन तास मला मजा आली. परतीच्या गाडीत एकजण म्हणाला, "आपण जिंकायला कुठं गेलो होतो? करमणुकीला गेलो होतो. सिनेमाला पैसे जातात तसे गेले." हे बोलणं मला सोडून देण्यासारखं वाटलं नाही. माणसाला करमणूक लागते. शेतकऱ्याने वर्षभर राबावं आणि चार दिवस मजाही करू नये असं मी म्हणणार नाही. पण कोणताही माल घेताना आपण भाव विचारतो. मग या मजेचा भाव काय?

सिनेमाच्या खिडकीवर भाव लिहिलेला असतो. तमाशाच्या तंबूबाहेर लिहिलेला असतो. जहाजावर आत जायच्या तिकिटाचा भाव लिहिलेला असतो, आमच्या तिकिटात जेवणही होतं. खेळाचा भाव मात्र कुठंच लिहिलेला नसतो. तो आपल्याला काढावा लागतो, आणि तो काढायला चौथीचं गणित पुरतं.

तिथे एक चाक असतं, रुलेट नावाचं. त्याला शून्यापासून छत्तीसपर्यंत 37 घरं. गोळी ज्या घरात पडेल त्यावर पैसे लावणाऱ्याला एकास पस्तीस मिळतात, वर आपला लावलेला परत. आता समजा तुम्ही सदतीसच्या सदतीस घरांवर शंभर-शंभर रुपये लावले. 3,700 रुपये गेले. एक घर लागणारच. त्याचे 3,500 आणि लावलेले 100, असे 3,600 हाती आले. शंभर रुपये मालकाकडे राहिले. यात फसवणूक नाही, हातचलाखी नाही. चाक अगदी प्रामाणिक आहे. 3,700 मागे 100, म्हणजे शेकडा 2 रुपये 70 पैसे, ही मालकाची आडत आहे. लाल-काळ्यावर लावा, सम-विषमावर लावा, सरासरी आडत तीच. काही चाकांवर शून्याची दोन घरं असतात. तिथे घरं 38 होतात, देणं मात्र तेवढंच राहतं, म्हणजे आडत जवळजवळ दुप्पट.

तुम्ही म्हणाल, पावणेतीन टक्के म्हणजे काहीच नाही. इथेच आपला माणूस फसतो. ही आडत खिशातल्या पैशावर लागत नाही, उलाढालीवर लागते. एका डावाला 500 रुपये लावले, तासाला चाळीस डाव झाले, पाच तास बसलात, तर दोनशे डावांत एक लाखाची उलाढाल झाली. खिशात नेले होते फक्त दहा हजार. एकच कापूस दोनशे वेळा बाजारात नेला आणि दर वेळी आडत दिली, तर दुसरं काय होणार? लाखावर शेकडा 2.70 प्रमाणे 2,700 रुपये हा त्या रात्रीचा सरासरी भाव. कुणाला कमी पडेल, कुणाला खूप जास्त, दोघे-तिघे जिंकूनही येतील. पण सगळ्यांचं मिळून सरासरी हेच पडतं.

त्यात तिकिटाचे तीन हजार धरा. झाले 5,700. आता आपल्या मापात बोलू. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये आणि संकरित ज्वारीचा 3,699 रुपये जाहीर झाला. हा भाव खरोखर हातात पडला असं धरलं तरी एका रात्रीची मजा म्हणजे पाऊण क्विंटल कापूस, नाही तर दीड क्विंटल ज्वारी. पाऊण क्विंटल कापूस वेचायला बाईला दोन दिवस तरी पऱ्हाटीत वाकावं लागतं. आणि हे झालं उत्पन्न. बी, खत, फवारणी, वेचणी वजा जाता हातात जे उरतं, त्या मापाने मोजलं तर किती एकर एका रात्रीत गेले, हे ज्याने त्याने घरी जाऊन मोजावं.

हा भाव हिशोबाने खेळणाऱ्याचा. हिशोब सुटला की काय होतं ते सांगतो. आमच्यातला एक पोरगा, माझा पुतण्याच तो, शिकलेला. त्याने गाडीतच आम्हाला युक्ती सांगितली होती. "काका, काळ्यावर शंभर लावायचे. हरलो तर दोनशे, मग चारशे, मग आठशे. कधी ना कधी काळं येणारच. आलं की मागचं सगळं वसूल, वर शंभर नफा." तासभर ते चाललंही. पोरगा शंभर-शंभर जमवत होता आणि आम्ही कौतुक करत होतो. मग लागोपाठ सात वेळा काळं आलं नाही. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. बेरीज करा, 12,700 रुपये. असं शंभरात साधारण एकदा होतं. पण रात्रभरात शंभर डाव सहज होतात, म्हणून ते "एकदा" त्याच रात्री भेटायला येतं. आठव्या डावाला 12,800 लावायचे होते. त्याच्याकडे नव्हते. मालकाची थैली मोठी, आपली लहान. बरोबरीच्या खेळातही लहान थैली आधी रिकामी होते, इथे तर खेळ बरोबरीचाही नाही.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. ते 12,700 वसूल करायला त्याने खात्यातले पैसे काढले. ते पैसे बियाण्याचे होते. जूनमध्ये बियाणं उधारीवर आलं, उधारीचा भाव दुकानदाराने लावला. आता सांगा, ती मजा त्या रात्री संपली की अजून चालू आहे? सिनेमाचं तिकीट काढलेला माणूस तिकिटाचे पैसे वसूल करायला पुन्हा पुन्हा तिकीट काढत नाही. करमणूक आणि जुगार यांत मला दिसलेला फरक एवढाच आहे.

शेतकऱ्याचा आणि जुगाराचा संबंध जुना आहे, फक्त आपल्याला माहीत नसतो. मुंबईचा मटका कुठून आला? तो आपल्या कापसातून आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. 1961 मध्ये हे भाव येणं थांबलं. जुगार थांबला का? नाही. 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि 1964 मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापसाच्या भावाची जागा मडक्यातल्या चिठ्ठ्यांनी घेतली, पुढे पत्त्यांनी. "ओपन" आणि "क्लोज" हे शब्द तेवढे राहिले. मटक्यात आकडे दहा आणि देणं साधारण रुपयाला नऊ, म्हणजे आडत शेकडा दहा. गरिबाचा जुगार नेहमी जास्त महाग असतो.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. गोव्याने 1976 च्या आपल्या कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं येऊ दिली आणि पुढे जहाजांनाही वाट करून दिली. महाराष्ट्रानेही 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अंमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. दुसरीकडे कॅसिनोवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो हार-जीत व्हायच्या आधी, खेळायच्या चकत्या घेतानाच्या रकमेवर बसतो. वर केलेल्या हिशोबात हा कर मी धरलेलाही नाही. कोणत्याही नावाने वसूल होवो, तो खेळणाऱ्यांच्याच पैशातून जातो. सरकार एका हाताने दार लावतं, दुसऱ्या हाताने पावती फाडतं. आपलं गणित आपल्यालाच करावं लागेल.

कुणी म्हणेल, शेती तरी काय आहे? तोही जुगारच. मला हे पटत नाही. आभाळ कधी देतं, कधी बुडवतं, पण आभाळ आडत घेत नाही. दुबार पेरणीची जोखीम आपण हौसेने घेत नाही. ती आहे म्हणून सोसतो, आणि त्यातून कुणाच्या तरी ताटातली भाकरी आणि अंगावरचं कापड निघतं. चाकावरची जोखीम मुद्दाम तयार केलेली असते आणि तिच्यातून काही पिकत नाही. वर्षभर जोखीम सोसणाऱ्याने करमणूक म्हणून आणखी जोखीम विकत घ्यावी, हा सौदा मला तोट्याचा दिसतो.

तरी ज्याला जायचं आहे त्याला मी अडवत नाही. जाण्याआधी तीन गोष्टी करा. जेवढे गेले तरी बियाणं, औषध आणि पोरांची फी अडणार नाही, तेवढेच पैसे खिशात ठेवा, एटीएमचं कार्ड खोलीवर ठेवा. किती डाव, किती तास, हे आधी ठरवा, कारण तिथे भिंतीवर घड्याळ दिसत नाही. आणि किती घेऊन चाललो हा आकडा घरच्या लक्ष्मीला सांगून निघा. जो आकडा घरात सांगायची हिंमत होत नाही, तो करमणुकीचा नाही असं समजा.

परवा पुतण्याला विचारलं, यंदा सहलीला येतो का? म्हणाला, "येतो काका, पण समुद्रावरून परत येऊ." एवढं बोलून मी थांबतो.