अवघड यंत्र, सोपा व्यवहार
(वणी येथील कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



तंत्रज्ञानावर बोला, असा मंडळाचा आग्रह झाला. मी काही इंजिनिअर नव्हे. पण आपल्या वणीच्या बाजारात भाजी घेतो, तेवढ्या अधिकारावर बोलतो.

१९९० च्या सुमाराचे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ इथल्या पुष्कळांना आठवत असतील. त्याआधी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. बूथमागे केवढे यंत्रजाल होते! आपल्याला मात्र मीटरवरचे पळते आकडे तेवढे दिसत. गिऱ्हाइकाला आणि बूथवाल्याला बिल एकदमच कळे, म्हणून विश्वास बसला.

पैशाच्या व्यवहारात तेच घडले आहे. पूर्वी दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचे तर लांबलचक खाते क्रमांक आणि वर अकरा अक्षरी आयएफएससी कोड लिहावा लागे. २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय आणले आणि ही सगळी उठाठेव यंत्राच्या गळ्यात घातली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला आलेल्या ॲपचे नाव 'भीम'. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ चा. तेव्हा या नावाने आपल्याला आनंद होणारच. पण नुसत्या नावाने भाजीवालीचे काम भागत नाही.

तिचे काम भागवले ते ठिपक्यांच्या चौकोनाने. तो १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाला होता! आणि दुसरे, त्या बोलक्या डबीने. हात मेथीच्या जुडीत, समोर चार गिऱ्हाइके. मोबाईल कधी पाहायचा? डबी मराठीत रक्कम सांगते, दोघांनाही ऐकू येते. बूथचा मीटरच म्हणा ना.

साध्या बटणाच्या फोनसाठी २०२२ पासून सोय आहे. पूर्वी पिन तयार करायला एटीएम कार्ड लागे; आता अनेक बँकांत आधारच्या ओटीपीवरही होतो. ज्या बायांनी कार्ड कधी काढलेच नाही, त्यांच्यासाठी हे फार मोठे काम झाले.

तरी एक गोष्ट सोपी व्हायची राहिली. आमच्या शेजारच्या एका मावशींचा पिन त्यांच्याखेरीज तिघांना ठाऊक होता. वाचता येत नाही, म्हणून ज्याच्या हाती फोन दिला त्यालाच आकडेही सांगितले. पुढे कोणीतरी फोन करून म्हणाला, "तुमचे पैसे आलेत, घ्यायला पिन टाका." त्यांनी टाकला आणि मजुरीचे पैसे गेले. मावशी, पैसे घ्यायला पिन लागतच नाही! तो द्यायला लागतो. हे एवढे वाक्य त्यांना खाते जोडून देताना कोणी सांगितले नव्हते. मीही नाही, मला ते आजही खटकते. असे झाल्यास लगेच १९३० वर तक्रार करावी आणि बँकेलाही कळवावे.

भाषण लांबवत नाही. चहानंतर मी त्या खिडकीपाशी बसतो. ज्यांचा पिन दुसऱ्याला ठाऊक आहे त्यांनी आपला फोन घेऊन यावे, नवा लावू. आकडे तुम्हीच दाबायचे. मी तोंड फिरवून बसेन.