खेळाडू विद्यार्थी आणि द्रव्यार्जन

(जळकोट येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचा हा प्रसंग. दरवर्षी या व्यासपीठावरून शंभरापैकी नव्वद गुण मिळविणाऱ्यांचे कौतुक होते आणि ते यथोचितच आहे. आमच्यासारख्या जन्मभर खडू झिजविलेल्या मॅट्रिक पास माणसास त्याहून मोठा आनंद कोणता? तथापि आज आम्ही ज्यांना या सत्कारात स्थान मिळत नाही, अशा मुलामुलींविषयी दोन शब्द बोलणार आहो. महाविद्यालयात शिकत असता जे कुस्ती, कबड्डी, धावणे यांत नाव काढतात, त्यांनी त्या नावावर चार पैसे मिळवावेत की नाही, हा आजचा विषय आहे.

विषय चमत्कारिक वाटेल. परंतु त्याला कारण घडले आहे, ते प्रथम सांगितले पाहिजे.

सुमारे ३० वर्षांपूर्वी आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी महाविद्यालयात दाखल झाला. अंगाने भरदार आणि कुस्तीत तरबेज. जत्रेच्या फडात त्याची जोड लागली की हलगीवाल्यासही जोर चढे. घरची शेती कोरडवाहू. दूध, तूप, बदाम असा खुराक बापास झेपेना. एका खत-बियाण्याच्या दुकानदाराने त्यास सांगितले, "तुझे लंगोटावरील छायाचित्र आमच्या दिनदर्शिकेवर छापू दे, वर्षभर तुझ्या खुराकाचे पैसे मी देतो." पोर आज्ञाधारक. ते आम्हांस विचारावयास आले. आम्ही मोठ्या अभिमानाने उत्तर दिले, "विद्यार्थ्याने आपले रूप दुकानात टांगू नये. खेळ हा खेळासाठी असतो. पैशासाठी खेळतो तो धंदेवाईक." त्याने आमचे पाय धरले आणि नकार कळविला. पुढल्या वर्षी खुराक तुटला, कुस्ती सुटली, पाठोपाठ कॉलेजही सुटले, आणि तो पुण्यास हमालीला गेला. आमचे तत्त्व शाबूत राहिले. मुलाचे मात्र दोन्ही गेले.

गेल्या साली तोच विद्यार्थी आपल्या मुलीस घेऊन आमच्या दारी आला. मुलगी कुस्ती खेळते आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. खेळाचे साहित्य विकणारा एक व्यापारी तिला बूट व पोशाख देऊ करतो. मोबदल्यात तिने ते घालून काढलेली छायाचित्रे मोबाइलवर प्रसिद्ध करावयाची. त्याने हात जोडून विचारले, "गुरुजी, आता काय सांगता?" आम्ही त्यास आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत आणि नंतर जे वाचले, ज्याचा विचार केला, तेच आपणांपुढे ठेवीत आहो.

'खेळाडूने पैशास शिवू नये' हा नियम मूळचा आपल्याकडील नव्हे. आपल्या मातीत मल्लाला इनाम घेण्याची लाज कधीच नव्हती. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत निकाली कुस्ती करणाऱ्याच्या डोक्यास फेटा बांधून हातात रोख रक्कम देतात; त्याने त्याचा मान वाढतो, घटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले, मल्लांना पोसले, ते काही त्यांना भ्रष्ट करण्यासाठी नव्हे. हौशी खेळाडूचा तो कडक नियम विलायतेतील सुखवस्तू लोकांनी केला. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत नाही, त्यास असा नियम पाळणे सोपे जाते.

या नियमाने काय केले, याचे एक उदाहरण ऐका. अमेरिकेत जिम थॉर्प नावाचा एक आदिवासी तरुण होता. कार्लाइल येथील आदिवासींसाठीच्या शाळेत तो शिकत होता. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदके मिळविली. पुढे कळले की, त्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत त्याने अल्प वेतनावर बेसबॉलचे सामने खेळले होते. एवढ्यासाठी १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. ती त्याच्या मुलांच्या हाती परत आली १९८३ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३० वर्षांनी. आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागावयास २०२२ साल उजाडले. गरिबाच्या पोराने सुटीत मजुरी केली, हा त्याचा अपराध!

आता आपल्या घरचे उदाहरण घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाड स्थानकावरून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु खाशाबांनी पुढे काय केले, ते विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. स्वतःच्या नावावर व अंगबळावर मिळविलेला तो पैसा. तो अपवित्र होता, असे म्हणण्यास कोणाची जीभ उचलेल काय?

त्यानंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती. ७२ वर्षांत गुणवान पोरे जन्मास आली नाहीत, असे आम्ही मानीत नाही. खुराकावाचून, बुटांवाचून, भाड्यावाचून किती वाटेतच थांबली, याची नोंद कोठे असते? त्यांतील एकाची नोंद आमच्या मनात आहे, ती आरंभी सांगितलीच.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, गुरुजी उतारवयात पैशाची थोरवी गाऊ लागले. तसे नाही. नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती पाहण्यास पुन्हा अमेरिकेकडेच वळावे लागते. कारण हा प्रयोग तेथे मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

तेथे महाविद्यालयीन सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात. प्रक्षेपणाच्या हक्कांतून अब्जावधी डॉलर येतात. प्रशिक्षकांस कोट्यवधींचे वेतन मिळते. खेळाडूस मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची बंदी होती. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून, आपले नाव, रूप व प्रतिमा यांवर विद्यार्थ्याचाच हक्क आहे, असे ठरविले. २०२१ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि १ जुलै २०२१ पासून विद्यार्थ्यांना जाहिरातींचे पैसे घेण्याची मोकळीक झाली. पुढे जलतरणपटू ग्रँट हाउस व इतर खेळाडूंच्या दाव्यात जून २०२५ मध्ये तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई देण्याचे ठरले. शिवाय प्रत्येक महाविद्यालयास पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंत वाटण्याची परवानगी मिळाली. आपल्या चलनात ही रक्कम पावणेदोनशे कोटी रुपयांच्या घरात जाते.

न्याय झाला, यात संशय नाही. तथापि न्यायाबरोबर काही नव्या व्याधीही आल्या. जास्त देईल त्या महाविद्यालयाकडे खेळाडू धावू लागले. एकाच विद्यार्थ्याने तीन-चार वर्षांत तीन महाविद्यालये बदलल्याची उदाहरणे घडली. अशाने विद्येचा धागा कोठे जुळावयाचा? पैशाचा मोठा ओघ त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल व बास्केटबॉल या दोन खेळांकडे वळला. कुस्ती व जलतरण यांसारख्या उत्पन्न न देणाऱ्या खेळांचे संघ बंद पडतील की काय, अशी धास्ती तेथील शिक्षकांस वाटते. मुलामुलींभोवती दलालांचा गराडा पडला. जाहिरातीच्या नावाखाली दुसरेच व्यवहार होऊ नयेत, म्हणून ६०० डॉलरांवरील प्रत्येक करार तपासणीसाठी कळविण्याचा नियम करावा लागला. आपल्यापैकी कोणाची मुले तिकडे शिकावयास गेली असतील, तर त्यांनी हेही जाणून असावे की, विद्यार्थी-परवान्यावर राहणाऱ्या परदेशी मुलास अशी कमाई करताना परवाना धोक्यात येण्याचा संभव असतो.

आपल्याकडे एवढा पैसा नाही, हे खरे. पण वारे येऊन पोहोचले आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीत खेळाडूंचा लिलाव होतो आणि बोली २ कोटींच्या वर गेलेली आहे. 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूस दरमहा १०,००० रुपये किरकोळ खर्चासाठी मिळतात. २०२० पासून विद्यापीठांच्या अशाच स्पर्धा भरू लागल्या. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. आपल्याच जिल्ह्यातील, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडविले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्णपदक मिळविले व ते पोलीस उपअधीक्षक झाले. मराठवाड्याच्या मातीत सत्त्व आहे. उणीव आहे ती पाठबळाची.

मग निर्णय काय करावा? आमच्या अल्पमतीस असे वाटते की, पैसा घ्यावा की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो पैसा मुलाला विद्यार्थी राहू देतो काय, हा खरा प्रश्न होय. खुराक, बूट, प्रवास, वसतिगृह यांसाठी आलेला पैसा त्यास तालमीत व वर्गात ठेवतो. तो औषधासारखा आहे. जो पैसा त्यास वर्गातून उठवितो, तो कितीही मोठा असो, घातक समजावा. कारण कुस्ती गुडघ्याच्या एका दुखापतीने संपते. पदवी तशी संपत नाही.

पालकांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, कागद वाचल्यावाचून सही करू नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही. म्हणून पोराची सही घेऊन जाणाऱ्यापासून सावध असावे. मुदत किती, रक्कम किती व केव्हा, आणि मुलगा जायबंदी झाला तर काय, हे तीन प्रश्न विचारावेत व त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. दुसरी, पैसा मुलाच्या बँक खात्यात यावा आणि त्याचा हिशेब त्यानेच लिहावा. तेही शिक्षणच आहे. तिसरी, पानमसाल्यासारख्या वस्तूंची व जुगाराची जाहिरात प्राण गेला तरी करू नये. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर केंद्र शासनाने २०२५ साली कायद्याने बंदी घातली आहे. पण ज्या गावात तरुण त्या पायी कर्जबाजारी झाले, तेथे कायद्याआधी लाज पुरेशी ठरावयास हवी होती. चौथी, मिळकतीतील काही अंश आपल्या तालमीस द्यावा. सरावासाठी ज्याने अंग दिले, त्या जोडीदाराचे नाव कोणत्याही दिनदर्शिकेवर छापले जात नाही.

आणि आता समाजाच्या कार्यकारी मंडळास नम्र विनंती. आपला विद्यार्थी साहाय्यता निधी केवळ गुणपत्रिका पाहून वाटला जातो. त्यातील काही भाग दरसाल खेळाडू मुलामुलींसाठी राखून ठेवावा; अट एकच, त्यांनी शिक्षण चालू ठेवावे. घरच्यांनी हात दिला, तर परक्या दुकानदाराच्या दारी अगतिक होऊन उभे राहण्याची पाळी पोरांवर येणार नाही. आणि जाहिरात घेतलीच, तर ती ताठ मानेने, आपल्या अटींवर घेता येईल. या निधीत आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून एका महिन्याची रक्कम आजच जमा करीत आहो. हे दान नव्हे. ३० वर्षांपूर्वीच्या एका उत्तराची ही फेड आहे.

मुदत संपल्यावर ती मुलगी बापासह पुन्हा आली. आम्ही करारपत्र वाचून घेतले आणि दोन ठिकाणी दुरुस्ती सुचविली. व्यापाऱ्याने ती मान्य केली. मग आम्ही तिला म्हणालो, "बाळ, बूट घे. पण परीक्षेच्या दिवशी छायाचित्राला जावयाचे नाही, एवढे वचन दे." तिने वचन दिले. बाप काही बोलला नाही. जाताना त्याने वाकून आमच्या पायांना हात लावला, आणि आम्हांस मान वर करवली नाही.