गोळी आणि गणित



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या आम्हांला गणित शिकवीत. माझा आजचा विषय स्तनाच्या कर्करोगानंतर द्यावयाच्या संप्रेरक-उपचाराचा. त्यातही थोडे गणित आहेच.

बेळगावात माझ्या तपासणीच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. वडगाव-शहापूरच्या, खानापूरकडच्या स्त्रिया तेथे मराठी-कानडीत बोलत असतात. शस्त्रक्रिया आटोपलेली असते, केस पुन्हा आलेले असतात, आणि मागे उरते रोजची एक गोळी, तीही पाच वर्षे. ती चालू ठेवावी की सोडावी, याचा निकाल पुष्कळदा माझ्या खोलीत नव्हे, त्या बाकावर लागतो. बाकाला मी नावे ठेवणार नाही. रात्री अंगातून वाफा निघतात, सकाळी बोटे आखडतात, हे त्या एकमेकींना सांगतात. आम्हां डॉक्टरांना सांगावयास संकोचतात, आणि आम्हीही फारसे विचारीत नाही.

परंतु शेजारी बसलेल्या दोघींचा आजार एकच नसतो. ज्या गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचे ग्राहक असतात, तिलाच हा उपचार लागू पडतो. 'तिने गोळी घेतली नाही, तरी ती ठणठणीत आहे' या वाक्याने म्हणूनच काही सिद्ध होत नाही. कदाचित तिच्या गाठीला त्या गोळीचा उपयोगच नसेल. ग्राहक असलेल्या स्त्रीने टॅमॉक्सिफेन पाच वर्षे घेतल्यास पुढील 15 वर्षांत या रोगाने येणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. येथवर वाद नाही.

वाद पुढे आहे. 2012 साली 'अ‍ॅटलास' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाचाऐवजी दहा वर्षे गोळी घेणाऱ्यांत, पाचव्या ते चौदाव्या वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण 25.1 ऐवजी 21.4 टक्के, आणि त्या रोगाने मृत्यूचे 15 ऐवजी 12.2 टक्के आढळले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग मात्र 1.6 ऐवजी 3.1 टक्के. बाकावर यातले एवढेच पोहोचते की 'दुप्पट होतो'. ते खोटे नाही. पण बाई विचारीत, दुप्पट कशाची?

वडगावची एक विणकर भगिनी लेट्रोझोल घेत होती. सांधे इतके धरले की मागावर तुटलेला धागा जोडता येईना. तिने कोणास न सांगता गोळी सोडली. सहा महिन्यांनी कळले, तेव्हा आम्ही तिला टॅमॉक्सिफेनवर आणले. तिला पाठ करावयाचे उपदेश नको होते; दुसरी गोळी असते, एवढेच कोणी सांगावयास हवे होते.

दुसरी, बहात्तर वर्षांची. गाठ लहान, काखेत काही नाही. पण लेट्रोझोलने हाडे विरळ झालेली, मनगट एकदा मोडलेले. आकडे तिच्यापुढे मांडले. तिने नातसुनेकडून ते पुन्हा वाचवून घेतले आणि पाच वर्षे पुरी होताच थांबावयाचे ठरविले. मी कागदावर तसे लिहून दिले.