पाणमोट आधी फुटली तर



वसंत व्याख्यानमालेत बाळंतपणाचा विषय निघाला म्हणून मंडपात मागे बसलेली पुरुषमंडळी थोडी अवघडली असतील. त्यांनी उठून जाऊ नये. अपरात्री गाडीसाठी धावायचे असते ते बहुधा त्यांनाच.

गर्भ ज्या पातळ पिशवीत, पाण्यात तरंगत असतो, तिला आपल्या आयाबाया पाणमोट म्हणतात. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा शब्द किती नेमका आहे ते सांगायला नको. बहुधा आधी कळा येतात, मग मोट फुटते. परंतु दिवस भरलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ८ जणींची मोट कळांपूर्वीच फुटते. आणि शंभर गरोदर बायकांत दोन-तीन अशाही असतात की ३७ आठवडे पुरे होण्याआधीच तिला चीर पडते. अशा वेळी घरातून हमखास ऐकू येते, "कळा कुठे आहेत अजून? सकाळी बघू." माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

पिशवी शाबूत असते तोवर जंतूंना दार बंद असते. ती फुटली की ते वर चढू लागतात. आईला ताप भरतो, गर्भाशय दूषित होते, बाळालाही बाधा होते. म्हणून कळा असोत वा नसोत, घड्याळ त्या क्षणापासून मोजायचे. पाणी नेहमी भसकन येतेच असे नाही. कधी नुसते झिरपते आणि लघवी वाटते. पण लघवी रोखता येते, हे रोखता येत नाही. स्वच्छ पांढरी घडी ठेवावी, रंग व वास पाहावा, वेळ लिहून ठेवावी. पाणी हिरवट, रक्ताळलेले वा दुर्गंधी असेल तर एक क्षणही दवडू नये. आणि घरी कोणालाही बोट घालून तपासू देऊ नये. डॉक्टरांच्या हातांनीच बाळंतज्वर पसरतो, हे सेमेलवाइस १८४७ साली व्हिएन्नात सांगत होते, तेव्हा अनेक मोठ्या डॉक्टरांना ते पटले नव्हते! आज डॉक्टरही, कळा नसतील तर, शक्यतो निर्जंतुक उपकरणाने नुसते पाहतात.

दिवस भरले असतील तर बहुधा औषधाने कळा आणतात. ३४ आठवड्यांच्या आत मात्र, जंतुबाधा नसेल तर, रुग्णालयात ठेवून जंतुनाशक औषधे देत थांबतात आणि बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाउई यांनी १९७२ साली त्याचा गुण दाखवला. पण औषध चांगले म्हणून ते सरसकट द्यावे काय? बेळगाव व नागपूर परिसरांसह सहा देशांत हे इंजेक्शन गावपातळीपर्यंत नेऊन पाहिले गेले. २०१५ साली निकाल आला, तो चमत्कारिक: एकंदर नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी थोडे वाढलेच होते. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळे मुळात तितकी अपुऱ्या दिवसांची नव्हती. पुढे बेळगावसह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने महिने पक्के ठरवून तेच औषध दिले गेले. २०२० च्या त्या निकालात नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा २३.५ वरून १९.६ वर आले होते. औषध तेच, फरक पडला तो पक्क्या तारखेने आणि जवळच्या चांगल्या शुश्रूषेने.

म्हणून कुसगावच्या सुनांनी पाळीची शेवटची तारीख आशाताईंच्या कार्डावर पहिल्याच भेटीत लिहवून घ्यावी आणि पहिली सोनोग्राफी लवकर करावी. बाळंतपणाला माहेरी जाताना ते कार्ड पिशवीत सर्वांत वर असावे. लोणावळा जवळ आहे खरे. पण अपुऱ्या दिवसांचे बाळ सांभाळणारा कक्ष कोणत्या रुग्णालयात आहे, हे सातव्या महिन्यापूर्वीच विचारून ठेवावे. पुणे साठ-पासष्ट किलोमीटर, आणि श्रावणातला मावळचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा! गाडीसाठी १०२ किंवा १०८ फिरवावा.

एक राहिले. पाण्याबरोबर दोरीसारखे काही बाहेर आल्याचे जाणवले तर ती नाळ असते. ती आत ढकलू नये. बाईला गुडघ्यांवर व कोपरांवर ओणवे करून कंबर उंच ठेवावी आणि तसेच न्यावे.

आता प्रश्न विचारावेत. बायकांना चारचौघांत विचारणे जड वाटत असेल तर चिठ्ठी पाठवावी. नाव लिहिण्याची गरज नाही.