सोळाच्या चौसष्ट



या व्याख्यानमालेत आपण संतसाहित्य ऐकलं, नाट्यसंगीत ऐकलं, होळकर-पवारांचा इतिहास तर कितीदा ऐकला. आज चिलटाविषयी ऐकायचं आहे. आंबे पिकायला लागले की टोपलीभोवती घोंघावतं, तेच चिलट. शास्त्रात त्याला ड्रोसोफिला म्हणतात. बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती निराळी. ती चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. चिलट आंबलेल्या फळावरच येतं, कारण त्याला हवं असतं तिथलं यीस्ट.

या क्षुद्र जिवावर थॉमस मॉर्गन यांनी अमेरिकेत १९१० च्या सुमारास काम सुरू केलं. दहा-बारा दिवसांत नवी पिढी आणि गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या, अशी सोय दुसरीकडे नव्हती. आपल्याकडे मुंबईला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे तिथे चिलटं पाळली जाऊ लागली. जैन घरातल्या माणसाने ईथरने बेशुद्ध केलेल्या माश्यांविषयी बोलावं, हे इथे काहींना खटकेल. मलाही ते सहज जात नाही. पण त्यातून जे कळलं ते माझ्या दवाखान्यात येणाऱ्या माणसांच्या फार जवळचं आहे, म्हणून बोलतो.

नर चिलटाच्या वृषणाच्या टोकाशी काही पेशींचा एक गठ्ठा असतो. त्याला बिलगून सहा-बारा मूलपेशी बसलेल्या असतात, थंडीत चुलीभोवती मुलं बसतात तशा. एक मूलपेशी दुभंगली की एक लेक चुलीपाशी राहते आणि मूलपेशीच होते. दुसरी दूर सरकते आणि तिचा प्रवास सुरू होतो. दोन शेजारी पेशी तिला कुशीत घेतात, आणि त्या वेष्टनात ती चार वेळा विभागते. दोन, चार, आठ, सोळा. हे साधं सूत्री विभाजन. पण गंमत अशी की ही विभाजनं पुरती होतच नाहीत. आपल्याकडे भावाभावांत वाडा वाटला जातो तेव्हा मधल्या भिंतीत एखादं दार ठेवतात ना, तसं दर दोन पेशींमध्ये एक कडीसारखं भोक राहतं. सोळाही पेशींचा रस एकमेकींत फिरत राहतो. पुढे कुणाच्या वाट्याला एक्स गुणसूत्र येतं, कुणाच्या वाट्याला वाय; ज्याच्याकडे जे नाही ते त्याला शेजारून मिळावं, असा या दारांचा उपयोग मानतात. माणसाच्या वृषणातही ही दारं असतात.

मग या सोळा पेशी विभागायचं थांबवतात आणि नुसत्या वाढतात. साडेतीन दिवसांत आकारमान पंचवीसपट! त्यानंतर लागोपाठ दोन विभाजनं होतात, मध्ये गुणसूत्रांची नक्कल न करता. हे अर्धगुणसूत्री विभाजन. सोळाच्या चौसष्ट होतात आणि प्रत्येकीकडे निम्मी गुणसूत्रं उरतात. या वेळी आपल्यात आई-बापांकडून आलेली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात. नर चिलटात ती बदलत नाहीत, हे मॉर्गन यांनी १९१२ मध्येच टिपलं होतं.

पुढचं शिंप्याचं काम. चौसष्टांना शेपट्या फुटतात, जवळजवळ दोन मिलिमीटर लांब, म्हणजे आपल्या शुक्राणूच्या तीसेकपट. (बायफर्का नावाच्या चिलटात तर पावणेसहा सेंटिमीटर. निसर्गाला कधी कधी आवर नसतो.) मग मधली दारं बंद होऊन प्रत्येक शुक्राणू वेगळा होतो. तरीही सुटण्याची वेळ येईपर्यंत चौसष्टांची जुडी बांधलेली राहते. ती कशी बांधलेली राहते, हे कुलाब्याच्या त्याच संस्थेत कृष्णानू राय यांच्या गटाने दाखवलं: कुशीत घेणाऱ्या दोन पेशींपैकी एक पेशी सगळी डोकी मुठीत धरून ठेवते.

आता वाय गुणसूत्राकडे वळू. कॅल्विन ब्रिजेस यांनी १९१६ मध्ये दाखवलं की वाय नसलेलं चिलट नरच होतं, दिसायला ठणठणीत, पण वांझ. आपल्यात वायमुळेच मुलगा होतो, एवढा फरक सोडला तरी शुक्राणूंसाठी वाय लागतोच. १९९५ मध्ये शुक्राणू अजिबात नसलेले ८९ पुरुष तपासले, त्यांतल्या १२ जणांच्या वायचा एक तुकडा गळालेला निघाला. त्या तुकड्यातल्या जनुकाला डॅझ नाव दिलं. पुढच्याच वर्षी चिलटात त्याचा भाऊबंद सापडला, बूल. बूल बिघडलं की सोळा पेशी उंबरठ्यावर थबकतात, चौसष्ट होतच नाहीत. २००३ मध्ये माणसाचं बूल जनुक अशा चिलटात घातलं, आणि थबकलेलं विभाजन पुढे सरकलं. चिलट आणि माणूस यांच्यात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे, तरी हा कारागीर दोन्ही घरी चालतो.

हे सारं मी सांगतोय त्याला कारण आहे. लग्नाला चार वर्षं झाली की सासूबाई सुनेला घेऊन येतात. ‘डॉक्टरसाहेब, हिला काहीतरी द्या.’ सुनेच्या सोनोग्राफीच्या तीन-तीन फायली असतात, आणि मुलाची एकही तपासणी नसते. मी विचारलं की उत्तर येतं, ‘तो तर अगदी धडधाकट आहे हो!’ बिनवायचं चिलटही धडधाकट दिसतं. मूल न होण्याच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा जोडीने. त्याची तपासणी स्वस्त, बिनदुखीची. तिच्या तपासण्यांच्या मानाने काहीच नाही. म्हणून माझ्या गोळ्यांची पुडी बांधण्याआधी मी मुलाचा अहवाल मागतो. काही घरं त्यानंतर परत येत नाहीत. सून येते कधी कधी, एकटी.

आणि अहवाल वाईट आला तर त्या एकाच कागदावर काही ठरवू नये. चिलटाला ही सारी वाट चालायला दहाएक दिवस लागतात, माणसाला सुमारे अडीच महिने. मधल्या काळात ताप येऊन गेला असेल तर तोही त्या कागदावर दिसतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, मग बोलू, असं मी सांगतो. आणि त्या भेटीला मुलाने स्वतः यावं, आईला पाठवू नये.