क्लॅम्प मीटर: वायर न कापता करंट कसा कळतो?

आज एकलहऱ्यातून बोलतोय. इथल्या औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. एवढा एक संच पूर्ण भारावर असला की जनित्रातून दर फेजला साधारण नऊ हजार अँपिअर वाहतात. त्यांच्या वाटेत मीटर कसा जोडणार? म्हणून वाहकाभोवती लोखंडी गाभ्याचं कडं बसवतात, त्यावर तारेचे वेढे. एसी करंटचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं, त्यामुळे वेढ्यांत त्याच प्रमाणात छोटा करंट येतो. तो मोजायचा. याला म्हणतात सीटी, करंट ट्रान्सफॉर्मर.

वायरमनकडचा क्लॅम्प मीटर म्हणजे तेच कडं, फक्त जबडा उघडणारं.

आता गंमत बघा. गीझरची अख्खी केबल जबड्यात घाला, मीटर शून्य दाखवेल. पाणी तापतंय, तरी शून्य! फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो आणि दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. आत एकटी फेजच हवी. आणि हे शून्य बिनकामाचं नाही बरं का. घरातली आरसीसीबी त्यावरच चालते. गेलेला आणि आलेला करंट जुळला नाही, 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की ट्रिप. तो फरक कदाचित कुणाच्या तरी अंगातून जात असतो.

बरं, रूमवर बिल वाटून घेणाऱ्यांचा लाडका प्रश्न: क्लिप लावली की युनिट कळतील का? नुसत्या क्लिपने नाही. समजा पाण्याची मोटर 8 अँपिअर घेते. 230 ने गुणलं तर 1840. पण पॉवर फॅक्टर 0.8 असेल, तर खरे वॉट 1472 च. बिल या वॉटवर येतं. म्हणून चांगल्या मॉनिटरला व्होल्टेजसाठी वेगळी जोडणी असते. ती नसेल तर ॲपवरचा आकडा अंदाज समजा, त्यावरून पार्टनरशी भांडू नका.

व्होल्टेजही न शिवता ओळखता येतो, पेन-टेस्टर तेच करतो. वायरीचं विद्युत क्षेत्र प्लास्टिकमधूनही त्याला जाणवतं. पण वायरीवर धातूचं आवरण असेल किंवा सेल उतरला असेल, तर तो गप्प बसतो. तो गप्प आहे म्हणून वायरीला हात लावायचा नाही. आधी मेन बंद, मग चालू असलेल्या सॉकेटवर तपासलेल्या मीटरने खात्री. आणि बोर्ड उघडून सीटी बसवायचं काम परवानाधारक वायरमनचंच.